भिंत पडली आणि पडून राहिली

अप्पांनी उभ्या आयुष्यात एकच शिवी मनापासून वापरली. 'नाटकी.'

कारखान्यात लेथवर काम करताना त्यांचं तोंड सहसा उघडत नसे. पण सुट्टीच्या दिवशी ते मैदानावर जात, गोलपोस्टच्या मागे ठरलेल्या जागी उभे राहत, आणि समोरच्या संघातला एखादा पठ्ठ्या जरासा धक्का लागताच पोटरी धरून गडबडा लोळायला लागला की जाळीमागून गरजत, "ऊठ रे नाटक्या! खरंच पाय मोडला असता तर एवढं बोंबलायला दम राहिला असता का?" आजूबाजूचे लोक हसत. रेफ्रीसुद्धा कधीकधी पाठ फिरवून हसून घेई.

स्वतःच्या मुलाला त्यांनी फुटबॉलमधलं फारसं काही शिकवलं नव्हतं, कारण त्यांनाच ते येत नव्हतं. शिकवलं ते एवढंच, की पडलास तर लगेच उठायचं. मुलगा पडला की जाळीमागून "ऊठ!" अशी एकच हाक येई, आणि हाक विरायच्या आत तो उभा असे. पुढे तो मोठ्या क्लबात गेला, पगार घेऊन खेळू लागला, बचावफळीत असा पाय रोवून उभा राहू लागला की लोकांनी त्याचं नावच 'भिंत' ठेवलं. बरगडीला तडा गेलेला असताना तो शेवटची शिट्टी होईपर्यंत खेळला होता. त्याला बाहेर काढून बदली खेळाडू आत आला, असं तर कधीच झालं नाही. ही गोष्ट अप्पा न्हाव्याला सांगत, दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या माणसाला सांगत. कुणी विचारायची वाट बघत नसत.

मग गुडघा गेला, आणि भिंत सिनेमात आली.

पहिल्या काही सिनेमांत त्याला खलनायकाच्या मागे हाताची घडी घालून उभं राहायचं होतं. त्याचं अप्पांना काही वाटलं नाही. उभं राहणं त्याला येतच होतं. पण या खेपेला त्याला खरी भूमिका मिळाली होती. कामगारांची बाजू घेणारा मुकादम, शेवटी मारेकऱ्यांच्या हातून मरणारा. घरात आनंदीआनंद. अप्पांनी फक्त विचारलं, "म्हणजे पडायचंय?"

"हो, अप्पा."

"बरं," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. तो आधीच स्वच्छ होता.

त्या आठवड्यात न्हाव्यानं विचारलं, "मुलगा काय करतो हल्ली?" अप्पा म्हणाले, "मैदानावर होता." आणि साबणाचा फेस तोंडात जाऊ नये अशा बेतानं ओठ मिटून घेतले.

त्या शेवटच्या प्रसंगाच्या शूटिंगला जाताना मुलगा गुडघ्याचा पट्टा घरीच विसरला. सूनबाई कामावर निघाली होती. चपला घालता घालता म्हणाली, "अप्पा, तुम्हीच नेऊन द्या. पट्ट्याशिवाय ह्यांचा गुडघा संध्याकाळपर्यंत नारळाएवढा होईल. आणि जाताय तर थोडं थांबा. बघा तरी काय करतात ते."

"पट्टा देतो आणि येतो," अप्पा म्हणाले.

शूटिंग एका बंद पडलेल्या कारखान्यात होतं. फाटकावरच्या रखवालदारानं त्यांना अडवलं.

"कुणाकडे?"

"भिंतीकडे."

"कुठल्या? आत पुष्कळ आहेत. निम्म्या प्लायवूडच्या आहेत."

"ही चालती-बोलती आहे," अप्पा म्हणाले. रखवालदार हसला आणि त्यानं फाटक उघडलं.

आतली शेड बघून अप्पा दारातच थबकले. छतापर्यंत चढलेली काजळी, पुसट झालेले पिवळे पट्टे, कोपऱ्यात एक लेथसुद्धा. फक्त तेलाचा वास नव्हता. मधोमध मोठे दिवे लावले होते, जमिनीलगत कॅमेरा ठेवला होता, आणि दिव्यांच्या उजेडात निळ्या कपड्यांतला त्यांचा मुलगा तिघांचा मार खात होता. खलनायकानं पाइप उगारला. पाइप रबराचा होता हे लांबूनही दिसत होतं, तरी अप्पांचा हात आपोआप वर गेला. मुलगा झाड कोसळावं तसा कोसळला.

आणि दुसऱ्याच क्षणी मुलाच्या हाताचा तळवा जमिनीवर टेकला, एक गुडघा वाकला, आणि मेलेला मुकादम अर्धा उभा राहिला.

"कट!" कानावरचा हेडफोन काढत एक चष्मेवाली तरुणी पुढे आली. तीच दिग्दर्शक. सगळे तिला मॅडम म्हणत होते. "दादा, तुम्ही गेलात. गेलेला माणूस उठत नाही."

"सॉरी, मॅडम. माझ्या लक्षातच आलं नाही."

"लागलं नाही ना, दादा?" खलनायकानं काळजीनं विचारलं. इतका मायाळू खलनायक अप्पांनी पाहिला नव्हता.

पुन्हा मार, पुन्हा पडणं, पुन्हा तळवा आणि गुडघा. पुन्हा "लागलं नाही ना, दादा?" दिवेवाला शेजाऱ्याला म्हणाला, "आपल्या जिवंत माणसांपेक्षा हा मेलेला चपळ आहे रे." लोक खिदळले. अप्पांची कानशिलं तापली.

मॅडमचा सहायक घड्याळ बघत आला. "ऊन चाललंय, मॅडम. डमी घेऊ. पाठमोरा झोपवला की झालं."

"चेहरा नसेल तर मरणात काय राहिलं?" मॅडम म्हणाल्या. मग त्यांनीही छताच्या काचांकडे पाहिलं. "आणखी एकदा करून बघू. नाही जमलं तर डमी."

तेव्हा अप्पांना तो दिसला. त्याच अंगलटीचा, तसेच निळे कपडे घातलेला एक माणूस खांबाशी उभा राहून मान इकडेतिकडे मोडत होता. रेषेबाहेर अंग गरम करणारा माणूस कोण असतो, हे अप्पांना कुणी सांगायला नको होतं. बदली! त्यांच्या मुलाच्या जागी!

ते तडक निघाले. मुलगा उलट्या खोक्यावर मान खाली घालून बसला होता.

"अप्पा? तुम्ही कधी आलात?"

"तू जिवंत झालास तेव्हा."

मुलगा हसला, पण ते हसू टिकलं नाही. अप्पा वाकून त्याच्या गुडघ्याला पट्टा बांधू लागले.

"तो निळा कोण?"

"माझ्या जागी झोपणार आहे."

"तुला झोपायला काय झालं?"

"जमत नाही, अप्पा." तो हळूच म्हणाला. "पडलो की तुमची हाक ऐकू येते. वाटतं, तुम्ही जाळीमागे उभे आहात आणि मी लोळतोय. नाटकी." मग पट्ट्याकडे बघत, "हा सिनेमा तुम्ही बघूच नये असं वाटतं मला."

अप्पांचे हात थांबले. मुलाच्या कोपराची साल निघाली होती. तळवे सोलवटले होते.

"गादी नाही का टाकत?"

"टाकतात. पण कॅमेरा तोंडाजवळ आहे, गादी दिसेल. मीच नको म्हटलं."

अप्पा त्या कोपराकडे बघत राहिले. जो नाटकी असतो तो रेफ्रीला फसवायला पडतो, फुकटात काहीतरी पदरात पाडून घ्यायला पडतो. इथे फसवायचं कुणाला? पाइप रबराचा आहे हे दिवेवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक. तरी हा उघड्या फरशीवर पडतो, बिघडलं की पुन्हा पडतो. लेथवर एक नग बिघडला तर अप्पा दुसरा लावत. वेगळं काय करत होता हा?

"ऐक," ते म्हणाले. "मी त्या कॅमेऱ्याच्या मागे उभा राहतो. नेहमीसारखा. हाक मी मारीन, तेव्हाच उठायचं. तोवर नाही. कोणी काही म्हणो."

"आणि मॅडम कट म्हणाल्या तर?"

"तुला उठायला मॅडमनी शिकवलं होतं का?"

मुलानं त्यांच्याकडे बघितलं. मग मान डोलावली.

अप्पा बिचकतच मॅडमकडे गेले. "मी मुकादमाचा बाप. इथे उभा राहू?"

"राहा ना, काका. फक्त आवाज करू नका."

"तीच तर भानगड आहे, बाई," अप्पा म्हणाले.

मार सुरू झाला. पाइप आला. मुलगा कोसळला, आणि त्याचा गाल फरशीला टेकला. डोळे अर्धवट उघडे, सरळ कॅमेऱ्यामागे बघणारे. अप्पांनी टोपी काढली आणि तिची कड दातांत धरली. मुलाचा तळवा फरशीवर होता. बोटं जराशी आखडली. मग सैल पडली. एक माशी भुवईवर बसली, नाकापर्यंत चालत आली. पापणी हलली नाही. एवढ्या वर्षांत आपला मुलगा इतका वेळ जमिनीवर अप्पांनी कधी पाहिला नव्हता. छातीतून ती हाक वर येत होती आणि ते तिला टोपीसकट चावून धरत होते.

"कट," मॅडम अगदी हळू म्हणाल्या. "झालं. दादा, झालं!"

टाळ्या पडल्या. मुलगा उठला नाही.

"दादा?" खलनायक धावला. "लागलं का? अहो, दादा!" टाळ्या विरल्या. मॅडमनी हेडफोन टाकून दिला आणि पुढे झाल्या. मुलगा तसाच पडून होता, नजर कॅमेऱ्यामागे.

अप्पांनी तोंडातली टोपी काढली. हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. ज्या आवाजानं अख्ख्या मैदानाला हसवलं, तो ऐन वेळी दगा देऊन बसला. सगळे आता त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"ऊठ रे," ते कसंबसं म्हणाले.

तळवा टेकला, गुडघा वाकला, आणि भिंत उभी राहिली. पुन्हा टाळ्या झाल्या, आणि या खेपेला दिवेवाल्याच्या सगळ्यात जोरात. तो निळ्या कपड्यांतला डमीसुद्धा टाळ्या वाजवत होता. मुलगा मात्र टाळ्यांकडे बघत नव्हता. अप्पांनी लांबूनच मान हलवली. चांगला खेळ झाला की हलवत, तशीच.

निघताना रखवालदारानं विचारलं, "सापडली का, काका, भिंत?"

"सापडली," अप्पा म्हणाले. दोन पावलं पुढे गेले, आणि परत आले. "आत आत्ता जो मेला ना, तो माझा मुलगा." रखवालदारानं पुढचं काही विचारलं नव्हतं, पण अप्पा थांबले नाहीत. "नट आहे."