कुवाबारा घराण्याचं थडगं

ऐका रे, हा कुवाबारा म्हातारा म्हणजे शिष्टपणाचा कळस! नागोयाच्या ऐन मधल्या भागात याचं कागदी हातपंख्यांचं दुकान. चारशे वर्षांपूर्वी वरून हुकूम सुटला आणि कियोसू नावाचं अख्खं शहर, माणसं, देवळं, पूलसुद्धा, उचलून इथं आणलं ना, तर म्हणे त्यात आम्ही होतो! बाकीचे सगळे उपरे. सून मिहो तर गुजोच्या डोंगरातली. बारा वर्षं बिचारी ऐकतेय, "सूनबाई, तुमच्याकडं अस्वलंसुद्धा असाच चहा करतात का गं?"

आता गल्लीच्या इतिहासाचा फलक लागणार होता, त्यावर नावं फक्त कियोसूहून आलेल्या घराण्यांची. गल्लीप्रमुख मिझोगुची म्हणाला, "पुरावा दाखवा."

"थडग्यावर कोरलेलं असणारच की!" म्हातारा गुरगुरला.

युद्धानंतर शहरातून शंभर मीटर रुंदीचा रस्ता काढला, तेव्हा गावातली थडगी उचलून टेकडीवर नेली होती. यांचं नेमकं पाठ भिंतीकडं करून बसवलेलं. दर पितृपूजेला हा थडग्याच्या डोक्यावर डावभर पाणी ओतणार, हात जोडणार, की चालला! घासायचं सुनेनं, तेही पुढूनच.

या वेळी मात्र पुरावा बघायला मिझोगुचीही सोबत आलेला, म्हणून फर्मान, "मागूनही घास. आमच्या घराण्याचं नाव आहे, तुझ्या माहेरचं भांडं नाही!"

मिहो भिंतीच्या फटीत शिरली. कोपरं सोलली. शेवाळाचे पापुद्रे पडले, अक्षरं उघडी झाली आणि तिचा हात थांबला.

मिझोगुचीनं वाकून बॅटरी मारली, मोठ्यानं वाचलं, "मेइजी चोविसावं साल. गुजोहून आलेल्या यासुकेनं बांधलं."

गुजो! कसले चारशे, जेमतेम सव्वाशे वर्षं!

म्हातारा लालबुंद. "थडगंच बदललंय! उचलताना घोळ केला त्या अडाण्यांनी!"

मिहोनं फटीतूनच विचारलं, अगदी गोड आवाजात, "मग मामंजी, इतकी वर्षं आपण कुणाच्या बापाला पाणी घातलं? आणि आपले कुठं तहानलेत?"

मिझोगुची खोकला. हसू दाबत होता, दुसरं काय!

म्हातारा दगडाकडं बघतोय, वहीत याच्या नावावर काट मारणाऱ्या मिझोगुचीकडं बघतोय. शेवटी पुटपुटला, "सूनबाई... जरा जोरात घास ना. जाईल ते."

कोरलेलं, रे! दगडात!

मिहो बाहेर आली, गुडघ्यांची माती झटकली, आणि ब्रश त्याच्या हातात दिला.

"घासा. आमच्या गावचा दगड आहे, चिवट असतो."