सखू रात्रभर झोपते

नऊ महिन्यांची पोर रात्रभर गाढ झोपली तर घरातल्या बाईनं खरं म्हणजे देवापुढं साखर ठेवावी. मनकर्णेनं उठून पोरीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता. पण लागोपाठची ही चौथी रात्र, आणि चार रात्रींत सखू एकदाही रडली नव्हती. मनकर्णेची छाती दुधानं तटतटली होती, चोळी ओली झाली होती, आणि पोर तिकडं वाकळीवर आजीच्या कुशीत हातपाय सोडून पडली होती. मनकर्णा अंधारात दोघींकडं बघत बसली. सासू झोपलीय की झोपेचं सोंग करतेय, तेही तिला कळेना.

पंधरा दिवसांपूर्वी चित्र अगदी उलटं होतं. सात महिन्यांपर्यंत सखू मोठी गुणाची. आठवा लागला, पोर रांगायची धडपड करू लागली आणि घराची झोप उडाली. झोळीत टाकली की तासाभरात जागी. झोपेतच पालथी व्हायची, गुडघ्यांवर उठू बघायची, झोळीचं लुगडं चारी बाजूंनी आवळायचं आणि मग बाईसाहेब असा टाहो फोडायच्या की वेशीवरची कुत्री जागी व्हायची. असं रात्रीतून पाच-पाच वेळा. मनकर्णा उजाडायच्या आत पाथर्डी रस्त्यावरच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. एकदा डुलकी लागून हातोडा अंगठ्यावर बसला तेव्हा ती रस्त्यातच बसून रडली. नवरा गोरक्ष भिंगारला लष्कराच्या मेसमध्ये कामाला. तो रविवारी उगवायचा, पोरीचे मुके घ्यायचा, ‘दात येत असतील’ म्हणायचा आणि सोमवारी पहाटे पसार व्हायचा. दातांवर ढकललं की बाप मोकळा होतो.

शेवटी एका रविवारी सासू-सून पोरीला घेऊन भिंगारच्या दवाखान्यात दया सिस्टरकडं गेल्या. सिस्टरनं सखूला उलटंसुलटं करून तपासलं आणि पोर ठणठणीत आहे म्हणाली. ती रांगायला शिकतेय, दिवसभर झोळीत अडकलेली असते, म्हणून रात्री झोपेत रांगू बघते. दिवसा तिला जमिनीवर मोकळी सोडा, दमेपर्यंत रांगू द्या, रात्री सपाट अंथरुणावर निजवा, की येईल ताळ्यावर. गोळी मात्र देऊ नका, असं तिनं दोनदा बजावलं. गोळी दिलेल्या पोरांच्या डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी होते, आणि काही पोरं हलवली तरी उठत नाहीत. गोजरबाई, म्हणजे मनकर्णेची सासू, हे सगळं मान खाली घालून ऐकत होती. मनकर्णा मात्र मनातून खट्टू झाली. बाटली नाही, पुडी नाही, सुई नाही, नुसतं ‘रांगू द्या’ हे ऐकायला एवढी पायपीट कशाला करायची, असं तिला वाटलं, आणि सिस्टरचं रांगायचं बोलणं तिनं मनावर घेतलंच नाही.

गोळी म्हणजे अफूची, बाजरीच्या दाण्याएवढी. कामावर निम्म्या बाया पोरांना ती द्यायच्या. बाभळींना झोळ्या टांगलेल्या, आत पोरं गपगार, आणि मुकादम खूश. मनकर्णेशेजारी खडी फोडणाऱ्या साळूबाईला तिची दया आली. तिनं एक गोळी मनकर्णेच्या हातावर ठेवली आणि अर्धीच दे, दुधात उगाळून दे, असं सांगितलं. मनकर्णेनं ती रिकाम्या काडेपेटीत घालून मिठाच्या मडक्यामागं लपवली. आपण ती देणार नाहीच, असं ती स्वतःला रोज सांगायची. मग ठेवली कशाला, असं मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं काडेपेटी उघडली तर आत काही नाही. आणि त्याच रात्रीपासून सखू झोपायला लागली.

आता घरात माणसं तीन. त्यातली एक रांगणारी. गोळी गेली कुठं याचा शोध घ्यायला पोलीसपाटील नको होता. मनकर्णा लग्न होऊन आली त्याच वर्षी आळीतल्या बायकांनी तिच्या कानावर एक गोष्ट घातली होती. गोरक्षाच्या आधी गोजरबाईला एक मुलगा झाला होता, मच्छिंद्र. तोही नऊ महिन्यांचाच होता. सुगीच्या दिवसांत त्याला गोळी देऊन झोळीत टाकला आणि संध्याकाळी तो उठलाच नाही. गाव ते सगळं जाणून होतं, गोजरबाईसमोर मात्र कुणी चकार शब्द काढत नसे.

विचारावं तर आधी कबूल करावं लागणार होतं की गोळी आपणच घरात आणली. तेव्हा मनकर्णेनं तोंड शिवलं आणि डोळे उघडे ठेवले. सासू चूळ भरायला गेली की तिची पानाची चंची उलटीपालटी करून बघायची. चुना, कात, सुपारीची खांडं, बाकी काही नाही. संध्याकाळी आली की सखूच्या तोंडाचा वास घ्यायची. रॉकेलची चिमणी पोरीच्या डोळ्यांपाशी नेऊन बाहुल्या बघायची, आणि बघावं तेव्हा त्या बारीक दिसायच्या. एवढ्या जवळ उजेड नेल्यावर कुणाच्याही झाल्या असत्या. पण धास्तावलेल्या आईला हे सुचत नाही. ती चिमणी खाली ठेवायची आणि घटकाभरानं परत उचलायची.

संशयाला एकदा जागा दिली की त्याला रोज काहीतरी खायला मिळतं. गोजरबाईनं झोळी सोडून गुंडाळून ठेवली होती. दोर झिजला म्हणायची. मनकर्णेनं दोर ओढून बघितला, तर बैल बांधला असता तरी तुटला नसता. प्यायला पाणी टँकरचं, दोन घागरींसाठी बायकांची डोकी फुटायची, आणि सासू रोज संध्याकाळी सून यायच्या आत सखूचे हातपाय तांब्याभर पाण्यानं धुऊन, तिला तेल लावून चकचकीत करून ठेवायची. एवढं काय धुवायचं असतं हिला? त्यात चारपाच दिवसांपासून गोजरबाई लंगडत होती. विचारलं तर गारठ्यानं गुडघे धरलेत म्हणाली. फाल्गुन संपत आला होता, उन्हानं पत्रे तडतडत होते, आणि हिला म्हणे गारठा.

आठव्या रात्रीनंतर मनकर्णेला ते सोसेना. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, दुपारपर्यंत खडी फोडली, पण डोळ्यांपुढून न उठणारी सखू हलेना. तिनं हातोडा टाकला. मुकादम मागून ओरडत राहिला, आजची हजेरी लागणार नाही म्हणाला. ती पदर खोचून धावत सुटली. वाटेत तिनं ठरवूनच टाकलं होतं, पोर घ्यायची आणि माहेरी निघून जायचं, मग गोरक्ष काही का म्हणेना.

दार आतून लावलेलं होतं. भरदिवसा, पोर घरात असताना, गावात कोण आतून कडी लावतं? मनकर्णेनं फळीच्या फटीला डोळा लावला.

आत गोजरबाई हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवी होती. काष्टा वर खोचलेला, गुडघ्यांना चिंध्या बांधलेल्या, पाठीवर पदर नाही. दातांत चंचीची दोरी धरून ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांगत होती, आणि चंचीसाठी सखू तिच्या मागं सपासप हात टाकत, किंचाळत, हसत येत होती. मध्ये वाकळीची वळकटी आडवी टाकली होती. म्हातारी ती ओलांडताना कण्हली, एका कुशीवर कलंडली, दम खाल्ला आणि परत हातांवर उठली. सखू धुळीनं मातीसारखी झाली होती. म्हणून ती रोज धुवावी लागत होती.

मनकर्णेनं दार वाजवलं. गोजरबाईनं कडी काढली आणि पदर सावरला. चिंध्यांतून रक्त आलेलं दिसत होतं. मनकर्णेनं ठरवून आणलेलं सगळं भांडण विरघळून गेलं, पण आलेली ती एका प्रश्नासाठी, आणि तो विचारल्याशिवाय तिला खाली बसवेना.

“आत्याबाई, काडेपेटीतली गोळी कुठंय?”

“चुलीत टाकली,” गोजरबाई म्हणाली. “तुला वाटलं, म्या पोरीला दिली.”

मनकर्णेची मान खाली गेली.

“मला बी तसंच वाटलं हुतं,” गोजरबाई म्हणाली. “तू देशील म्हनून. तवापासनं पोर कुशीत घेऊन निजते. तू रात्री उठून तिच्या नाकाशी बोट धरतीस, तवा मी जागीच असते.”

म्हणजे इतक्या रात्री पोर तेवढी झोपत होती, आणि दोघी बायका अंधारात एकमेकींवर पहारा देत होत्या. मनकर्णेला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती रडली. आपण गोळी ठेवली होती, हे तिनं हुंदके देत कबूल केलं.

गोजरबाईनं तिला रडू दिलं. मग सावकाश सांगितलं की दमलेल्या आईचं डोकं कसं चालतं हे तिला शिकवायला नको. पोरच झोपली, तर सुनेला गोळी आठवायचीच नाही, असा तिनं विचार केला. सिस्टरनं सांगितल्याप्रमाणं पोर जमिनीवर सोडली, पण एकटी सोडली की ती बसून रडायची. पुढं कुणी रांगणारं असलं तरच मागं यायची. म्हणून कडी लावून म्हातारी रांगायची, नाहीतर आळीनं तमाशा केला असता.

“मग मला सांगायचं तरी,” मनकर्णा म्हणाली.

“माझ्या तोंडातनं गोळीचं नाव निघालं असतं, तर तू पोर माझ्यापाशी ठेवली असतीस व्हय?”

मनकर्णा सासूच्या पायांशी वाकली आणि पुन्हा असा संशय घेणार नाही म्हणाली. गोजरबाईनं तिचे खांदे धरून तिला वर उठवलं. तिचा आवाज तेवढ्यापुरता कडक झाला.

“असं बोलू नगंस. घेत जा संशय. रोज येऊन पोरीचं तोंड हुंगत जा, डोळं बघत जा, मी हाय म्हनून सोडू नगंस. माझ्या मच्छिंद्राला म्या गोळी चाटवली तवा घरात सहा मानसं हुती, मनकर्णे. येकानं माझा हात धरला असता, तर आज त्यो तीस वर्साचा असता.”

सखू दोघींच्या मधून चंचीकडं निघाली होती. मनकर्णेनं तिला उचललं, दारातल्या उजेडाला नेलं आणि सासूच्या देखत तिचे डोळे नीट बघून घेतले. गोजरबाई भिंतीला टेकून बघत होती. सुनेचं बघून होईपर्यंत ती जागची हलली नाही.