पालथी पळी

काकूंनी पातेल्याचं झाकण बोटभर सरकवलं, नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं. कालचं माशाचं सूप आंबलं होतं. गरम असतानाच कोणीतरी ते फ्रीजमध्ये ढकललं होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. काकूंनी झाकण नीट लावलं, ओट्यावरची पळी उचलली आणि झाकणावर पालथी ठेवली. काका कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घेऊन येतील, पळी बघतील आणि पातेलं मोरीत रिकामं करतील. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

त्याआधी काकांच्या नाकाचा बोलबाला होता. दारातून आत पाऊल टाकताच ते म्हणायचे, "हे दूध संध्याकाळ बघायचं नाही," आणि दूध खरंच संध्याकाळ बघायचं नाही. मासेवाला त्यांच्यापुढे टोपली ठेवताना दहा वेळा विचार करायचा. जेवायला येणारी माणसं थट्टेने म्हणायची की या हॉटेलात पाहणी कशाला, काकांच्या नाकालाच सही-शिक्का द्या. काका वरवर नको नको म्हणायचे आणि दिवसभर त्याच खुशीत असायचे.

मग ते एकदा तापाने फणफणले. ताप उतरला, पण वास घेऊन गेला. काकूंना ते कळलं तेव्हा बंद न केलेल्या शेगडीतून गॅस येत होता आणि काका शेजारीच उभे राहून गुणगुणत गाजरं चिरत होते. काकूंनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. काकांनी सुरी खाली ठेवली, खिडक्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा उचलली.

त्यानंतर एके दिवशी काकूंनी नासलेल्या दुधावर पळी पालथी ठेवली आणि काकांनी ते दूध ओतून दिलं. तेव्हापासून पळी सुलटी म्हणजे चांगलं आणि पालथी म्हणजे गेलेलं. हे कोणी ठरवलं नव्हतं, कोणी बोललंही नव्हतं. चारचौघांत काका अजूनही झाकण उचलून लांब श्वास घेत आणि जाणत्यासारखी मान हलवत, पण त्याआधी पळी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलेली असे. काकूंना त्या श्वासाचं हसू यायचं आणि पोटात तुटायचंही. माणूस ज्याच्या जोरावर ताठ चालतो, तेवढं तरी त्याच्याकडे राहू द्यावं, असं त्यांना वाटे.

"नमस्कार. पाहणीला आलेय," दारातून आवाज आला.

तपासणीला येणारी बाई नवी होती, काकूंच्या लेकीच्या वयाची. तिने केस टोपीत कोंबले, हात धुतले आणि कामाला लागली. फ्रीजमध्ये तापमापक ठेवला, मोरीची जाळी उचलून पाहिली, सुऱ्यांच्या मुठी उजेडात धरल्या. काकू मागे मागे फिरत होत्या. त्यांना भीती नव्हती, कारण त्यांचं स्वयंपाकघर आरशासारखं असायचं. दरवर्षी दाराच्या काचेवर हिरवं कार्ड लागायचं, आणि रस्त्याने जाणारा माणूस ते पाहून आत शिरायचा.

"यात काय आहे?" मॅडमनी पातेल्याकडे बोट केलं.

"कालचं सूप. टाकायचं आहे ते."

"बरं. टाका नंतर. आधी कोठी दाखवा, मला अजून तीन ठिकाणी जायचंय."

काकू कोठीचं कुलूप काढायला वळल्या. मागे मॅडमनी पळी उचलली.

"दांड्याच्या सांध्यात सगळीकडे घाण अडकलेली असते," ती म्हणाली. "तुमची स्वच्छ आहे हो."

"आमच्याकडे नाही अडकायची," काकू किल्ली फिरवत म्हणाल्या. पळी झाकणावर परत ठेवल्याचा आवाज झाला. काकूंनी वळून पाहिलं नाही. उचलली, पाहिली, ठेवली; त्यात बघायचं काय?

कोठीत वेळ गेला. मॅडमनी पिठाचे डबे उघडायला लावले, फळ्यांच्या मागे विजेरी मारली, गोणी जमिनीपासून वर आहेत का ते वाकून पाहिलं. शेवटी कंबरेवर हात ठेवून ती हसली.

"काकू, तुमच्यासारखी चार हॉटेलं असती तर माझी नोकरीच गेली असती."

काकू सुखावल्या. हसतच त्या बाहेर आल्या, आणि हसू ओठांवरच राहिलं. पातेलं शेगडीवर होतं. झाकण बाजूला, पळी आत, आणि काका पावाचे काप करत होते. पातेल्यावर लिंबू आणि मिरीचा दरवळ होता, आणि त्याच्याखाली, जिला वास येतो तिलाच कळेल असा, तो आंबूस वास होता.

"कालचं होतं ना शिल्लक," काका म्हणाले. "लिंबू पिळून मस्त उकळलं. चार टेबलांवर गेलंसुद्धा."

काकूंच्या डोळ्यांपुढे पळी आली. उचललेली पळी माणूस ठेवतो कशी? सुलटीच ठेवतो. पालथी फक्त त्या ठेवायच्या.

मॅडम गल्ल्यापाशी जाऊन पोचली होती. तिच्या हातात हिरवं कार्ड होतं आणि ती मागचा कागद नखाने सोडवत होती. काकूंना क्षणभर वाटलं, उकळलंय ना, काय होणार आहे? आणि मग कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांना ती पोर दिसली. आजोबांबरोबर नेहमी येणारी, खुर्चीवर गुडघे टेकून बसणारी. ती चमच्यावर फुंकर मारत होती.

काकू धावल्या. या वयात, या गुडघ्यांनी, त्या खरंच धावल्या. त्यांनी पोरीच्या वाडग्यावर तळहात ठेवला. गरम वाफेने तळवा भाजला.

"खाऊ नका! कोणीच खाऊ नका. सूप परत द्या."

चमचे थांबले. खिडकीशी बसलेल्या एकाने दोन घोट घेतले होते. तो पोटावर हात ठेवून काकूंकडे बघत राहिला. मॅडम कार्ड हातात घेऊन जवळ आली.

"हे तेच पातेलं का? टाकायचं होतं ते?"

"हो."

"का टाकायचं होतं?"

काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते. हात पावाच्या चुऱ्याने माखलेले. त्यांचा चेहरा काकूंनी पाहिला. त्यांना सगळं कळलं होतं, आणि ते फक्त काकू काय बोलतात याची वाट पाहत होते.

"साबण पडला त्यात," काकू म्हणाल्या. "भांडी घासायचा. माझ्या हातून. यांना सांगायचं राहून गेलं."

मॅडमनी पोरीसमोरचा वाडगा उचलला, नाकाशी नेला. मग तिने काकूंकडे पाहिलं आणि काकूंवरून नजर काकांकडे नेली.

"तुम्ही उकळलंत. तुम्हाला वास नाही आला?"

सगळं हॉटेल काकांकडे बघत होतं. काका दोन पावलं पुढे आले, आणि हात झटकून त्यांनी आवाज चढवला.

"हिला किती वेळा सांगितलं, लक्ष ठेव म्हणून! धांदरटपणा काही जात नाही. चूल हिच्या भरवशावर टाकून माणसाने पाव आणायलाही जाऊ नये का?"

हे नाटक आहे, काकूंनी मनाला सांगितलं. सांभाळून घेतायत. त्यांनी मान खाली घातली, म्हणजे नाटक वठावं. पण काका थांबेनात. मागच्या महिन्यातली करपलेली कढई निघाली, फुटलेली बरणी निघाली, काकूंच्या माहेरच्या माणसांचा विसराळूपणाही निघाला. चार टेबलांवरची माणसं ताटात बघत ऐकत होती. कोपऱ्यातले आजोबा उठले आणि पोरीचा हात धरून बाहेर पडले. हे नाटक नव्हतं, हे काकूंना तेव्हा कळलं.

"पुरे," मॅडम म्हणाली. तिने सूप स्वतःसमोर मोरीत ओतायला लावलं, घोट घेतलेल्या माणसाचा फोन नंबर घेतला, आणि कागदावर साबणच लिहिला. हिरवं कार्ड पिशवीत गेलं. दाराच्या काचेवर पिवळं लागलं आणि स्वयंपाकघर आठवडाभर बंद झालं. जाताना ती काकूंच्या भाजलेल्या हाताकडे पाहून म्हणाली, "याला काहीतरी लावा." आणखी काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती गेली.

हॉटेल रिकामं झाल्यावर काकू पातेलं घासायला बसल्या. काका मागे येऊन उभे राहिले.

"साबण कधी पडला?"

काकूंनी वर पाहिलं. त्यांना वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. कोणी नसतानाही हाच प्रश्न?

"साबण नव्हता, अहो. नासलं होतं. मी पळी पालथी ठेवली होती."

दोन वर्षांत पळीचं नाव पहिल्यांदाच निघालं होतं. काका भिंतीवरच्या टाइल्सकडे बघत राहिले.

"सुलटी होती."

"मॅडमनी उचलून ठेवली."

नळाचं पाणी वाहत होतं. आता ते काहीतरी बोलतील, काकूंना वाटलं. चुकलं म्हणतील. हात बघू म्हणतील. तेवढ्यावर काकूंनी सगळं सोडून दिलं असतं, माहेरचंसुद्धा.

काकांनी घसा साफ केला.

"तरी म्हटलं," ते म्हणाले. "मला जरा वास आलाच होता."

काकूंनी नळ बंद केला. पळी धुतली, पुसली, आणि खिळ्याला टांगली.

खिडकीजवळच्या माणसाला काही झालं नाही, हे नशीब. आठवड्याने स्वयंपाकघर उघडलं. काचेवर पिवळं कार्ड तसंच होतं, तरी दोन-तीन जुनी माणसं आली आणि आत डोकावून म्हणाली, "काय काका, नाक काय म्हणतंय?" काका हसले. दुधाच्या पातेल्यापाशी गेले आणि थांबले.

झाकणावर काही नव्हतं. पळी खिळ्याला होती.

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू कांदे चिरत होत्या.

"अगं," ते हळूच म्हणाले.

"बघा ना," काकू म्हणाल्या. मान वर न करता.

माणसं दारात उभी होती. काकांनी झाकण उचललं, वाकले, आणि लांब श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दूध चांगलं होतं. काकूंनी ते सकाळीच पाहिलं होतं, पण सांगायची त्यांना घाई नव्हती. त्यांनी पुढचा कांदा घेतला.