मासोऱ्यांचं पाणी

रुखमाने कोपरापर्यंत हात चिखलात घातला आणि ती थांबली. बोटांखाली काहीतरी गार, जाड हललं. तिने घाई केली नाही. दुसरा हात पलीकडून आणला आणि हातभर लांब मरळ अलगद वर काढली. त्याच बिळातून पाठोपाठ दुसरी निघाली.

"जोडी हाय," ती म्हणाली.

तिचा मुलगा अजय जाळं झटकत होता. एरवी चैत्रातही तलावात जिथे डोंगा चालायचा, तिथे आता गुडघाभर गाळ होता आणि मधोमध अंगणाएवढं डबकं. बाकीचे ढिवर पाट्या भरून केव्हाच वर बांधावर, पाळीवर गेले होते. तिथे मूल गावच्या व्यापाऱ्याची गाडी उभी होती.

"टाक पाटीत. मरळीले भाव हाय."

"हे बीज हाय."

"कायचं बीज, माय? पानीच नाई, तं बीज कुठी ठेवशीन? पाऊस आला का रोहू आनून टाकू."

"रोहू आनून टाकली तं राह्यते. इले कोनी आनलं नव्हतं. हे आपल्या मनानं राह्यली इथी."

रुखमाने घागरीत गढूळ पाणी भरलं, मरळी आत सोडल्या आणि तोंडावर ओलं पोतं दाबलं. मान वर केली तेव्हा पाळीच्या पोटातलं, पाणी सोडायचं दगडी तुडुम तिच्या समोर होतं. एकाखाली एक भोकं, प्रत्येकात लाकडाचा दट्ट्या. शेताला पाणी लागलं की वरून एकेक दट्ट्या काढत जायचं. सगळ्यात खालचा मात्र काढायचा नाही. पाणी तिथवर उतरलं की धानाचा वाटा संपला. उरलं ते मासोऱ्यांचं पाणी.

ती लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात सासऱ्याने तिला बोट करून तो खालचा दट्ट्या दाखवला होता, घरातला देव दाखवावा तसा. पुढे एका वर्षी धानाचे पऱ्हे वाफ्यातच जळाले, घरोघरी आंबिलीवर दिवस निघाले, तरी त्या दट्ट्याला कोणी हात लावला नाही. वर्षानुवर्षं पाण्यात राहून तो दगडासारखा काळा पडला होता.

आता तिथे नुसतं भोक होतं. यंदा उन्हाळी धानासाठी नानाजीने तो काढला. पाळीखालचं पहिलं शेत त्याचं. गावाला ठाऊक होतं, पण त्या पाण्यावर इतरांचंही धान उभं होतं, म्हणून कोणी बोललं नाही.

"घागर घेऊन कुठी चाल्ली?" अजयने विचारलं.

"नानाजीच्या विहिरीवर."

तो हसला. "ज्यानं तलाव पेला, त्याच्याच घरी मासोऱ्या ठेव आता."

"दुसरीकडं पानी कुठी हाय, सांग."

अजयने पाळीकडे पाहिलं, मग गावाकडे. जाळं खाली ठेवलं आणि घागर उचलून तिच्या डोक्यावर दिली.

नानाजी विहिरीच्या काठावर बसला होता. विहिरीत दोराने मोटर सोडलेली होती आणि पाइपातून पाण्याची धार शेताच्या धुऱ्याजवळच्या नालीत पडत होती. धान नुकतं निसवू लागलं होतं. रुखमाला पाहून तो उठला आणि उगाच पाइपाचं तोंड सरळ करू लागला.

"काय आनलं, रुखमाबाई?"

"पाहुणे."

त्याने पोतं उचलून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माह्या विहिरीत?"

"पाऊस येईपर्यंत. तलाव भरला का घेऊन जाईन."

"इथीबी पानी उतरून राह्यलं, बाई. तलावाचाच झिरा होता हा." त्याने धानाकडे हात केला. "अजून दोन पानी भेटले तं दाना भरते. नाई तं सारी फोल."

"दिसते."

"तुमाले वाटत असन, का यानंच..."

"मी काईच नाई म्हटलं, भाऊ."

नानाजीने कोपऱ्यातला दोर आणून तिच्या हातात दिला. तिने घागर सावकाश उतरवली, पाण्याला टेकताच तिरकी केली. एक मरळ लगेच गेली. दुसरी घागरीतच घुटमळली, मग तीही गेली.

"किती पानी लागते त्याइले?" त्याने विहिरीत पाहतच विचारलं.

"बुडाशी मानूसभर थंड पानी असलं तं जगते."

तिने रिकामी घागर काखेला लावली.

पाळीवर आल्यावर ती पळसाच्या बुंध्याशी बसली. पाय धुवायला पाणी नव्हतं. काडीने ती पोटरीवरचा वाळलेला गाळ खरवडू लागली. अजयने शेवटची पाटी गाडीत चढवली आणि खाली शेताकडे पाहिलं.

"धार बंद झाली. लाइन गेली वाटते."

रुखमाने डोळ्यांवर हात धरला. नानाजी विहिरीवर वाकला होता. दोन्ही हातांनी मोटरचा दोर ओढत होता. माणूसभर दोर वर आला, तेव्हा तो थांबला. दोराला पीळ देऊन त्याने तो खुंट्याला बांधला, गाठ ओढून पाहिली, आणि खटका दाबला. धार पुन्हा पडू लागली.

व्यापाऱ्याची गाडी गेली. अजय घरी चल म्हणाला. ती उठली नाही.

ऊन माथ्यावर यायच्या आत धार बारीक झाली, मग तुटली. नानाजी उठला. त्याने खटका बंद केला, विहिरीत डोकावला, आणि वळून धानाकडे बघत उभा राहिला. दोराला मात्र त्याने हात लावला नाही.