आयुधपूजेची सफाई

आयुधपूजा उद्यावर आली, तशी अंबुबाईंनी विळी, शिवणयंत्र, स्कूटर सगळं पुसून लखलखीत केलं. उरला यजमानांचा, भुजंगरावांचा, कॉम्प्युटर. पडदा पुसला, धूळ झटकली; पण सून अनुषा परवाच म्हणाली होती, "अत्ते, आतूनही साफ करायला पाहिजे, फार हळू झालाय." अंबुबाईंनी चष्मा लावून शोधलं. एके ठिकाणी 'सगळा डेटा साफ करा' असं दिसलं. देवीचं नाव घेऊन दाबलं.

मग सहज यजमानांचा खेळ उघडला. चित्राचे तुकडे माउसने ओढून जागेवर बसवायचे, एवढंच. पक्षाघातानंतर उजवा हात वळावा म्हणून भुजंगराव सात महिने रोज खेळत होते. एकशे बारा चित्रं झाली होती. दर चित्राला अंबुबाईंनी देवीपुढे तुपाचा दिवा लावला होता. आज पडद्यावर पहिलंच चित्र, सगळे तुकडे विखुरलेले.

"अय्यो, अत्ते!" अनुषाने कपाळाला हात लावला. सासूला ती अत्ते म्हणायची, सासऱ्यांना मावा. "मावांनी खेळात खातंच उघडलं नव्हतं हो. मग सगळं त्या ब्राउझरमध्येच राहतं. पुसलं की गेलं, परत येत नाही."

नवमीला कॉम्प्युटरला कुंकू लागलं, शेवंतीची माळ चढली. पूजेतल्या वस्तूला दिवसभर हात लावायचा नाही. भुजंगराव तरी दोनदा येऊन बघून गेले. "उद्या एकशे तेरावं!" म्हणाले. अंबुबाई प्रसादाची वाटी तशीच ठेवून स्वयंपाकघरात गेल्या.

दशमीला सकाळी माळ उतरवली. भुजंगराव खुर्चीत बसले.

"अहो, थांबा. माझ्या हातून पाप झालंय." अंबुबाईंनी खालमानेनं सगळं सांगितलं.

भुजंगराव पडद्याकडे वळले. "सगळी गेली?"

"सगळी."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "अनुषा आहे का घरात?"

"देवळात गेलीय."

"मग ऐक. साठ चित्रं झाल्यावर मी डाव्या हाताने खेळायला लागलो. उजवा दमायचा गं. आणि तू इतक्या भक्तीनं दिवा लावायचीस, तुला सांगू कसं?"

"म्हणजे पन्नास दिवे मी डाव्या हातासाठी लावले?"

"बावन्न."

अंबुबाईंनी रागवायचा प्रयत्न केला, हसूच फुटलं. हसता हसता डोळे पुसले. "देवीला आता काय तोंड दाखवू?"

"तिला ठाऊकच होतं. नाहीतर पुसायची बुद्धी तुला कुणी दिली?"

त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून माउसवर ठेवला. पहिल्या चित्रात हत्ती होता. कानाचा तुकडा अर्ध्या वाटेत सुटला, पुन्हा सुटला, तिसऱ्यांदाही. अंबुबाईंचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी तो पदराखाली घेतला. चौथ्यांदा तुकडा जागेवर बसला.

"बघ, कान लागला!" भुजंगरावांच्या कपाळावर घाम होता.

"सोंड राहिलीय अजून," म्हणत अंबुबाई स्टूल ओढून शेजारी बसल्या.