बहात्तर तासांची प्लेट

आमच्या लॅबमध्ये जंतूंची भुतं बनवतात. हसू नका. जंतूला भोक पाडायचं, आतलं सगळं सांडू द्यायचं आणि उरलेलं रिकामं टरफल लस म्हणून डुकरांना टोचायचं. ह्याच जंतूनं डुकरांच्या फार्मवर राबणाऱ्या माझ्या दादाचे दोन्ही कान नेले, ठार बहिरा झाला तो. म्हणून तर मी ह्या कामात आले.

अट एकच, एकही जंतू जिवंत राहता कामा नये. त्यासाठी थोडी लस प्लेटवर पसरून उबेत ठेवायची आणि बहात्तर तास वाट बघायची. अर्धमेला जंतू सावकाश उठतो, वाढतो, मग प्लेटवर त्याचा ठिपका दिसतो. पण लॅब चालवणाऱ्या सरांना कोण घाई! चोवीस तासांनीच प्लेट उजेडात धरून म्हणाले, "स्वच्छ आहे. कर सही."

"सर, अजून दोन दिवस थांबू या ना."

"तुझ्याच भावाच्या फार्मवर जायचीय ना लस? मग अडून काय बसतेस?"

बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं मेल्यानं. एकही जंतू जिवंत नाही, अशा कागदावर मी सही केली. प्लेट मात्र फेकली नाही, परत उबेत ठेवली.

बहात्तर तास भरले त्या सकाळी तिच्यावर दोन ठिपके होते, मोहरीहून बारीक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाहेरून पडलं असेल काहीतरी," सर म्हणाले. मी प्लेट त्यांच्या टेबलावर आदळली आणि फार्मकडे निघाले; लस कालच तिथे पोचली होती. फार्मवर फोन कुणी उचलेना. दादाला केलेला मेसेज तसाच पडून होता.

शेडमध्ये दादा पाठमोरा उभा होता, हातात सिरिंज. "दादा, थांब!" मी बोंबलले. त्याला काय ऐकू जाणार? शेवटी पायातला बूट काढून भिरकावला. तो पाठीत बसल्यावर दादा वळला आणि माझे ओठ वाचू लागला.

"किती टोचलीस?"

"झाली सगळी." त्यानं अंगठा चोखला. अंगठ्यावर रक्त होतं. "एकानं उसळी मारली, सुई मलाच लागली. एवढी घाबरतेस काय? जंतू मेलेलेच आहेत ना? कागदावर तुझी सही बघितली मी."

सरांवरचा सगळा राग फिरून माझ्यावरच आला. दादाला ओढत दवाखान्यात नेलं, डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी घाईघाईनं सलाईन लावायला सांगितलं आणि उपचारांच्या संमतीचा एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"नातेवाईक ना? इथे सही करा."

दादा माझ्याकडे बघून हसत होता. माझा हात काही उठेना.