व्हॉटेव्हर म्हणजे काहीही

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत मी अकरा वर्षं ओल्या चादरी उपसल्या. वर कोण राहतं ते मला चादरींच्या डागांवरून कळायचं, तोंडं कधी पाहिली नाहीत. यंदा कंबरेनं हात टेकले. डॉक्टर म्हणाले, वजन उचलणं बंद करा, नाहीतर अंथरूण धराल. नेमकी तेव्हाच चौथ्या मजल्यावर देखरेखीची जागा रिकामी झाली. खोल्या तपासायच्या, पाहुण्यांशी दोन शब्द बोलायचे. मॅनेजरबाई म्हणाल्या, "काम तुम्हाला येतंच. रोजचं इंग्रजी तेवढं जमवा. महिन्यानं बोलून बघते."

इंग्रजी घरातच होतं की! लेक कॉलेजात जाते, मैत्रिणींशी फोनवर फाडफाड बोलते. पण आईला शिकवायचं म्हटलं की तिच्या जिवावर येतं. "तुला व्हिडिओ लावून देते," म्हणाली आणि सुटली.

व्हिडिओ नाचाचे. गाणं वाजायचं, एक चवळीची शेंग एकेक वाक्य म्हणायची आणि प्रत्येक वाक्याला एक स्टेप. "एक्स्क्यूज मी"ला पाऊल बाजूला, "आफ्टर यू"ला हात पसरून गिरकी. मी ओट्यापाशी नाचले, या वयात, असली कंबर घेऊन. लाज वाटली, पण खरं सांगते, मजाही आली. शब्द डोक्यात राहत नव्हते, ते पायांत राहिले.

एका गाण्यात ती खांदा उडवून, हनुवटी फिरवून म्हणायची, "व्हॉटेव्हर!"

"व्हॉटेव्हर म्हणजे काय गं?" मी लेकीला विचारलं.

फोनमधून डोकं वर न काढता ती म्हणाली, "काहीही!"

काहीही. म्हणजे काहीही चालेल, तुम्ही म्हणाल तसं. किती नम्र शब्द! मी वहीत लिहून ठेवला आणि खांद्यासकट घोटला.

महिना भरला. मॅनेजरबाईंनी समोर बसवून इंग्रजीत विचारायला सुरुवात केली. टॉवेल कुठे ठेवाल, पाहुणा रागावला तर काय म्हणाल. मी टेबलाखाली पाय हलवत उत्तरं देत गेले. बाई हसल्या, कागदावर बरोबरच्या खुणा करत होत्या. मग शेवटचा प्रश्न आला, सकाळची पाळी हवी की संध्याकाळची? अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझी सोय विचारत होतं. मला भरून आलं. तुम्ही द्याल ती पाळी, एवढंच सांगायचं होतं.

"व्हॉटेव्हर," मी म्हणाले. खांदा आपोआप उडाला, हनुवटी फिरली.

बाईंचं पेन थांबलं. "सॉरी?"

ऐकू गेलं नसेल म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, "व्हॉटेव्हर, मॅडम!"

"बरं. या तुम्ही."

जागा दुसऱ्याच एका पोरीला मिळाली. लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या मावशींनी बातमी आणली. "मॅनेजरबाई ऑफिसात बोलत होत्या, बाई कामाची आहे पण माज फार. काय बोललीस गं एवढं?"

मला काय माहीत? घरी येऊन लेकीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती पोट धरून हसत सुटली. "अगं आई! व्हॉटेव्हर म्हणजे, गेलात उडत! असं म्हणालीस तू बाईंना?"

"तूच सांगितलंस. काहीही म्हणून."

"मी कुठे अर्थ सांगितला? तू सारखी मध्ये मध्ये विचारायचीस, म्हणून मी आपलं म्हटलं, काहीही!" बोलता बोलता तिचं हसू विरलं.

म्हणजे तिनं मला शिकवलं नव्हतं, झटकलं होतं. आणि अर्थ मात्र अगदी अचूक दिला होता. संताप आला, तिचाही आणि माझाही. पोटच्या पोरीचा स्वर मला ओळखता आला नव्हता.

ती जवळ येऊन बसली, फोन पालथा ठेवून. "मी उद्या येऊन बाईंना सांगते हवं तर. आणि आता रोज अर्धा तास मीच शिकवेन तुला. चालेल?"

उद्या सकाळी तळघरात ओल्या चादरींचा ढीग माझी वाट बघत असणार होता. मी कंबरेवर हात ठेवून उठले.

"व्हॉटेव्हर," मी म्हणाले, आणि खांदा उडवला.

तिचा चेहरा मॅनेजरबाईंसारखाच झाला. या वेळी शब्द बरोबर वापरला होता.